चिलटांपासून सुरुवात: गोव्यातल्या घरी दीर्घायुष्याचा पहिला प्रयोग

दीर्घायुष्याच्या संशोधनात आपल्यासारख्या हौशी माणसाला काय करता येईल, असं फोंडा-डिचोलीकडची कॉलेजातली मुलं मला अधूनमधून विचारतात. डोक्यात बहुतेक वेळा गोळ्या असतात, नाहीतर रक्ताच्या महागड्या चाचण्या. माझं उत्तर ठरलेलं आहे: दोनशे चिलटं पाळा आणि ती कधी मरतात ते शेवटच्या चिलटापर्यंत लिहून काढा. ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. पण वार्धक्याचा अभ्यास मुळात याच नोंदीवर उभा आहे, आणि ती ठेवायला डॉक्टरेट लागत नाही. चिकाटी लागते, आणि घरच्यांची परवानगी.

घरगुती आणि सामूहिक प्रयोगशाळांची चळवळ तशी तरुण आहे. २००८ साली बॉस्टनमध्ये ‘डीआयवाय-बायो’ या नावाने काही जण जमले. २०१० मध्ये ब्रुकलिनला जेनस्पेस सुरू झाली, सर्वसामान्यांना सभासद होता येईल अशी प्रयोगशाळा. मग कॅलिफोर्नियात बायोक्युरियस, पॅरिसमध्ये ला पायास. २०११ मध्ये युरोप आणि अमेरिकेतल्या गटांनी आपापली आचारसंहिताही लिहून काढली: काम उघडपणे करायचं, सुरक्षितपणे करायचं, शांततेच्या कारणासाठीच करायचं. आपण सुरुवात करतोय ती या परंपरेतली सगळ्यात साधी गोष्ट आहे.

पायरी पहिली: हवा बघून जीव निवडा

वार्धक्याच्या अभ्यासात सगळ्यात गाजलेला प्राणी म्हणजे सी. एलेगन्स हा मिलिमीटरभर लांबीचा पारदर्शक कृमी. १९९३ साली सिंथिया केन्यन यांच्या गटाने दाखवलं की ‘डॅफ-२’ या एकाच जनुकात बदल झाला तर तो जवळजवळ दुप्पट जगतो. वाचून हुरूप येतो खरा, पण या कृमीला साधारण २० अंश तापमान लागतं. मे महिन्यात ३३ अंशांत घामाघूम झालेल्या म्हापशाच्या फ्लॅटमध्ये तो टिकणार नाही. हौशी लोक त्यासाठी वाइन कूलर वापरतात आणि तो छान चालतो, पण पहिल्याच प्रयोगाला एवढा खर्च कशाला?

दुसरा पर्याय यीस्ट. याला आपली हवा मानवते, कारण त्याची आवडती उष्णता ३० अंश. पदेर पाव फुगवायला वापरतो तेच हे, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. माडाच्या सुरेत सान्नांचं पीठ फुगतं तेही यीस्टमुळेच. १९५९ साली मॉर्टिमर आणि जॉन्स्टन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली एकेका पेशीच्या कळ्या मोजून दाखवलं की यीस्टची पेशीही ठरावीक वेळाच विभागते आणि मग मरते. पण यीस्टचं मरण डोळ्यांना दिसत नाही. पातळ करून प्लेटवर पसरा, वसाहती मोजा, मग हिशेब करा. नवख्याचा त्यात कंटाळा वाढतो आणि चुका लपतात.

म्हणून चिलटं. आंब्या-काकडीला लागणारी मोठी फळमाशी वेगळी. आपली ती काजूच्या हंगामात बोंडूंवर घोंगावणारी चिमुकली, ड्रोसोफिला. २५ अंशांत अंड्यापासून पूर्ण माशी व्हायला दहा दिवस लागतात आणि माशी साधारण दोन महिने जगते. मेलेली दिसते, मोजता येते, आणि पाळायला जागा लागते ती एका शेल्फाची.

उन्हाळ्यात मात्र सुरू करू नका. ३० अंशांच्या आसपास नर नापीक होतात आणि आयुष्य बरंच आखडतं. चिलटाचं आयुष्य तापमानावर किती अवलंबून असतं, हे जॅक लोब आणि जॉन नॉर्थ्रप यांनी १९१७ सालीच मांडलं होतं. घरात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. पावसाळ्यातही जमतं, फक्त बुरशी जीव खाते.

पायरी दुसरी: चिलटं मिळवा

तोंड नीट आवळलेल्या बाटलीत पिकलेलं केळं आणि वर कागदाचं नरसाळं लावलं की दोन दिवसांत चिलटं जमतात. पण ती एकाच जातीची असतीलच असं नाही. पाठीवर पांढऱ्या उभ्या रेघा असलेली दिसली तर ती झाप्रिओनस, आपल्या उपयोगाची नाही. ड्रोसोफिलाच्याच मेलानोगास्टर आणि अनानासी या दोन जातींतला फरक ओळखणं तर नवख्याचं काम नव्हेच.

त्यापेक्षा जवळच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात जा. आनुवंशिकीच्या प्रात्यक्षिकांसाठी काही विभाग ड्रोसोफिलाचा साठा जपतात. ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठ आहे, झुआरीनगरला बिट्सचा परिसर आहे. तिथे ओळख निघाली तर उत्तम. रिकाम्या हाताने आणि मोघम प्रश्न घेऊन जाऊ नका. एका पानावर प्रयोग लिहून न्या: काय बदलणार, किती माश्या, किती दिवस, शेवटी माश्यांचं काय करणार. “सर, एक व्हायल स्टॉक मिळेल का?” (व्हायल म्हणजे चिलटं पाळायची छोटी बाटली, स्टॉक म्हणजे साठा) या प्रश्नाला हो म्हणणं शिक्षकांना सोपं जातं. “मला लॉन्जेव्हिटीमध्ये काहीतरी करायचंय” असं म्हटलं की चहा मिळतो आणि बोळवण होते.

पायरी तिसरी: खाणं शिजवा

साठा वाढवायचं नेहमीचं खाणं, एक लिटर पाण्यासाठी: मक्याचं पीठ ८० ग्रॅम, साखर ४० ग्रॅम, यीस्ट साधारण २० ग्रॅम, अगर, म्हणजे खाणं जेलीसारखं घट्ट करणारी पूड, १० ग्रॅम. सगळं सतत ढवळत शिजवा, गुठळी होऊ देऊ नका. उतरवून ६० अंशांच्या खाली आलं की बुरशी अडवण्यासाठी ४ मिलिलिटर प्रोपिओनिक आम्ल घाला. हे आम्ल कातडी भाजतं आणि त्याचा वास नाकात झोंबतो. हातमोजे घाला, खिडकी उघडा, आणि त्यासाठीचं पातेलं-डाव पुन्हा स्वयंपाकात आणू नका.

प्रयोगाचं खाणं वेगळं. सर्वांत भरवशाचा आणि बघण्यासारखा परिणाम आहारनियंत्रणाचा आहे. १९३५ साली कॉर्नेलमध्ये क्लाइव्ह मॅके यांनी उंदीरवर्गीय प्राण्यांना, म्हणजे घुशीएवढ्या पांढऱ्या रॅटना, कमी उष्मांकांवर ठेवलं आणि ते जास्त जगले, तिथून ही वाट सुरू होते. चिलटांत मात्र साखरेपेक्षा यीस्ट कमी करण्याचा परिणाम मोठा असतो. म्हणून दोन्ही गटांना लिटरला साखर ५० ग्रॅम आणि अगर १५ ग्रॅम सारखंच ठेवा. यीस्ट एका गटाला १०० ग्रॅम, दुसऱ्याला २०० ग्रॅम. उकळताना यीस्ट मरतं, ते मरायलाच हवं, नाहीतर बाटलीत फसफसून वर येईल. दोन्ही गटांसाठी एकाच कंपनीचं, एकाच पाकिटातलं यीस्ट घ्या.

भरपूर यीस्ट खाणाऱ्या माद्या अंडी जास्त घालतात आणि साधारणपणे लवकर मरतात. उलट यीस्ट फारच तोडलं तर उपासमारीने मरतात, त्यामुळे ‘जितकं कमी तितकं बरं’ असा निष्कर्ष काढायला जागा नाही.

बाटल्या निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्ह लागत नाही. आपला घरचा कुकर शिटीच्या वजनाखाली जवळपास १५ पौंड दाबापर्यंत जातो, म्हणजे आत १२१ अंश, ऑटोक्लेव्हचंच तापमान. आधी वजन न लावता वाफेची धार नीट सुटू द्या म्हणजे आतली हवा निघून जाते, मग वजन लावून वीस मिनिटं मंद आचेवर ठेवा. आणि कुकर आपोआप गार होऊ द्या. घाई केली तर बाटल्यांतलं पाणी उसळून कापसाचे बोळे भिजतात.

पायरी चौथी: शेल्फ, मुंग्या आणि डासांची कॉइल

ही पायरी परदेशी मार्गदर्शिकांत सापडत नाही, आणि इथेच आपल्याकडचे प्रयोग बुडतात.

मुंग्या पहिल्या. खाण्यात साखर आणि यीस्ट, आत मेलेले किडे. मुंगीला आणखी काय हवं? शेल्फाचे चारही पाय पाण्याने भरलेल्या वाट्यांत ठेवा, पाण्यात साबणाचा एक थेंब टाका, आणि शेल्फ भिंतीला टेकू देऊ नका. वाटीतलं पाणी दर दोन दिवसांनी बदला. साठलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या झाल्या तर घरमालकाला तक्रार करायला आयतं कारण मिळेल.

दुसरा धोका डासांची कॉइल आणि लिक्विड मशीन. त्यातलं कीटकनाशक डास आणि चिलट असा भेद करत नाही. एका रात्रीत दोन्ही गट साफ होऊ शकतात आणि तुम्हाला वाटेल की खाण्यातच काहीतरी बिघडलं. त्या खोलीत मच्छरदाणी वापरा. डेंग्यूच्या दिवसांत नगरपालिकेचं किंवा पंचायतीचं धुराचं यंत्र गल्लीत आलं की खिडक्या बंद, शेल्फावर ओली चादर, आणि वहीत तारखेपुढे नोंद.

तिसरी बुरशी. पावसाळ्यात खोलीतला दमटपणा एवढा असतो की कापसाचा बोळाच काळा पडतो. व्हायल भरल्यावर रात्रभर मलमलीच्या फडक्याखाली उघड्या सुकू द्या; भिंतीवर पाण्याचे थेंब राहिले तर चिलटं त्यात चिकटून मरतात, आणि तो मृत्यू म्हातारपणाचा नसतो.

तापमानासाठी कमाल-किमान दाखवणारा साधा थर्मामीटर शेल्फावरच ठेवा, हॉलच्या भिंतीवर नको. दोन्ही गटांच्या व्हायल एकाच फळीवर आलटून-पालटून मांडा. एक गट खिडकीकडे आणि दुसरा आतल्या बाजूला राहिला, तर तुम्ही यीस्टऐवजी ऊन मोजत बसाल.

पायरी पाचवी: मोजणी

एकाच दिवशी कोषातून बाहेर पडलेली चिलटं दोन दिवस एकत्र ठेवा, म्हणजे सगळ्यांचा समागम होतो. मग व्हायल बर्फात काही मिनिटं ठेवून ती निपचित करा आणि पांढऱ्या बशीवर बारीक ब्रशने वेगळी करा. बशीखालीही बर्फ हवा. मादी मोठी, पोटाचं टोक निमुळतं आणि पट्टे शेवटपर्यंत स्पष्ट. नर लहान, टोक गोलसर आणि काळं. भिंगातून नराच्या पुढच्या पायांवर काळ्या दातांची छोटी फणी दिसते, शंका आली तर तीच बघा. पहिल्या प्रयोगाला फक्त माद्या घ्या. दर गटाला १००, दर व्हायलमध्ये १०.

कुठल्या व्हायलमध्ये कुठलं खाणं, हे मोजणाऱ्याला माहीत नसावं. बहिणीला किंवा मित्राला लेबलं लावायला सांगा, ‘अ’ आणि ‘ब’, आणि कुठलं अक्षर कुठल्या खाण्याचं ही किल्ली कागदावर लिहून पाकिटात बंद करून ठेवा. आपल्याला हवा तो गट जास्त जगावा असं मनात असतंच, आणि अर्धमेलं चिलट ‘अजून हलतंय’ की ‘गेलं’ हे ठरवताना ते मन नकळत मध्ये येतं.

दर दोन-तीन दिवसांनी चिलटं ताज्या खाण्यावर हलवा. जुनी व्हायल नव्यावर उलटी धरून तळहातावर हलकेच आपटायची, म्हणजे जिवंत चिलटं खाली नव्या व्हायलमध्ये पडतात. पण ओलसर खाण्याला चिकटलेलं मेलेलं चिलट मागे राहतं, आणि सुकलेलं मेलेलं चिलट कधी कधी नव्या व्हायलमध्ये पडून जातं. ते पुढच्या वेळी पुन्हा मोजलं की शेवटी १०० माश्यांचे १०४ मृत्यू निघतात. म्हणून वहीत पाच रकाने पाडा: जिवंत, मृत, सोबत गेलेली मृत, निसटलेली, अपघाताने मेलेली. अपघात कशाला म्हणायचं ते पहिल्याच पानावर लिहून ठेवा, बोळ्याखाली चिरडलेलं आणि थेंबात बुडालेलं एवढंच. नंतर सोयीने यादी वाढवायची नाही.

मेलं का हे बघायला व्हायलला टिचकी मारा. पाय आखडून पाठीवर पडलेलं चिलटही टिचकीनंतर एखादा पाय हलवतं. तसं झालं तर ते जिवंत, मोजणी पुढच्या वेळी.

निसटलेल्यांना गाळून टाकायचं नाही आणि मेलेल्यांतही धरायचं नाही. यासाठीच कॅप्लन आणि मायर यांची १९५८ सालची पद्धत आहे, आणि ती हाताने करता येते. समजा १०० पैकी पहिल्यांदा २ मेली: ९८ भागिले १००, म्हणजे ०.९८. मग एक निसटलं, उरली ९७. पुढच्या खेपेला ३ मेली: ९४ भागिले ९७. दोन्ही अपूर्णांकांचा गुणाकार साधारण ०.९५. असं शेवटपर्यंत जात राहिलं की आलेखाच्या कागदावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी रेघ मिळते. दोन गटांच्या दोन रेघा. अर्धी चिलटं मेली तो दिवस आधी बघा. सगळ्यात जास्त जगलेल्या एका चिलटावरून काहीही ठरवू नका. संगणकाची सवय असेल तर ‘आर’ ही मोफत प्रणाली आहे, तिच्यात लॉग-रँक चाचणी, म्हणजे दोन रेघांतला फरक योगायोगाचा आहे का याची तपासणी, दोन ओळींत होते.

गणिताचं नाव काढल्यावर काही जण गळतात. गोव्यात जन्मलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबींनी १९४४ साली जनुकांमधलं अंतर काढायचं जे सूत्र दिलं, ते आजही जगभर आनुवंशिक नकाशे करताना वापरतात. इतिहासकार म्हणून आपण त्यांची व्याख्यानमाला भरवतो, हे सूत्र मात्र आपल्या बारावीच्या पोरांना कुणी सांगत नाही.

पायरी सहावी: तीन घरं

अमेरिकेत उंदरांवर औषधं तपासणारा एक सरकारी कार्यक्रम आहे, इंटरव्हेन्शन्स टेस्टिंग प्रोग्रॅम. एकच प्रयोग तिथे मेन, मिशिगन आणि टेक्सास अशा तीन ठिकाणी एकाच वेळी होतो. रेस्व्हेराट्रॉल या द्राक्षातल्या पदार्थाचा २००३ पासून मोठा गाजावाजा होता. त्यामागची कंपनी २००८ मध्ये ७२ कोटी डॉलरना विकली गेली. या कार्यक्रमात मात्र साध्या उंदरांचं आयुष्य त्याने वाढलं नाही. त्याच कार्यक्रमात २००९ साली रापामायसिन हे औषध उजळून निघालं, तेही म्हाताऱ्या उंदरांना, वीस महिन्यांच्या वयापासून देऊन.

हौशी गटाची खरी ताकद मला इथे दिसते. नवं औषध शोधणं आपल्या हाताबाहेरचं आहे, पण म्हापसा, फोंडा आणि मडगाव इथल्या तीन घरांत एकाच पाककृतीने, एकाच साठ्यातली चिलटं, एकाच आठवड्यात सुरू करणं सहज शक्य आहे. खाणं एका घरी शिजवून तिघांत वाटा. वह्यांचे फोटो दर मोजणीनंतर एकमेकांना पाठवा, निष्कर्ष मात्र शेवटची माशी मरेपर्यंत बोलू नका. दोन घरांत फरक दिसला आणि तिसऱ्यात नाही, तर आधी तिसऱ्या घरचा थर्मामीटर बघा.

स्वतःच्या अंगावर काही नको

दोन-चार महिने या विषयात वावरलं की कुणीतरी कानाशी लागतंच: मेटफॉर्मिन सुरू कर, रापामायसिन मागव. पहिलं मधुमेहाचं औषध, आणि ही दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधं आहेत. रापामायसिनची कथा सुरस आहे. १९६४ च्या एका कॅनेडियन मोहिमेने ईस्टर बेटावरून आणलेल्या मातीतल्या जिवाणूत ते सापडलं, आणि सुरेन सहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने ते जिद्दीने जगवलं. पण त्याचा मुख्य मंजूर उपयोग मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाची प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी आहे. ऐन पावसाळ्यात, लेप्टो आणि डेंग्यूच्या दिवसांत, निरोगी माणसाने आपली प्रतिकारशक्ती दाबून घ्यायची हौस कशाला? तरुणांचा प्लाझ्मा चढवून घेण्याच्या धंद्याविरुद्ध अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१९ मध्ये जाहीर इशारा दिला होता. २०१८ मध्ये तिथे एका कंपनीच्या प्रमुखाने भर परिषदेत न तपासलेलं जनुकीय औषध स्वतःला टोचून घेतलं. त्यातून शास्त्राला एका ओळीचीही माहिती मिळाली नाही, कारण एका माणसाच्या प्रयोगात तुलनेला दुसरा गटच नसतो.

जनुकं बदलायची इच्छा असेल तर कायदा समजून घ्या. पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे १९८९ चे नियम जनुकीय बदल केलेल्या जीवांना लागू होतात. असं काम जैवसुरक्षा समिती असलेल्या संस्थेतच, तिच्या मंजुरीने होतं. परदेशातून क्रिस्पर या जनुकं बदलण्याच्या तंत्राचं किट मागवून स्वयंपाकघरात उघडणं त्यात बसत नाही. ज्यांना ते करायचंच आहे त्यांनी एखाद्या प्रयोगशाळेत उन्हाळी प्रशिक्षणासाठी अर्ज करावा. साधी चिलटं आणि बेकरीचं यीस्ट या नियमांच्या कक्षेत येत नाहीत.

शेवटची माशी मेल्यावर

वापरलेल्या व्हायल उघड्यावर टाकू नका. आतल्या अळ्या आणि कोष जिवंत असतात. रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, मग साबणाच्या गरम पाण्यात बुडवा. बुरशी आलेल्या बाटल्या धुण्याआधी कुकरमधून काढा. साठ्याची एक व्हायल मात्र चालू ठेवा, आणि ज्या विभागातून ती आणली तिथे वहीची छायाप्रत नेऊन द्या, निकाल लागला असो वा नसो. फरक न दिसलेला प्रयोगही द्यायचा. पुढच्या वेळी काही मागायला जाल तेव्हा विभागाच्या कपाटात तुमची वही आधीपासून असेल.

किल्लीचं पाकीट त्यानंतर, तिन्ही घरची माणसं एकत्र असताना उघडा. आलेख त्याआधी काढून झालेला हवा.